नवी पेठ, काकूंची मेस: परीक्षेच्या दिवसांत जेवायला इथे जा

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते: खोली नंतर बघ, मेस आधी ठरव. अभ्यासिका बदलता येते, क्लास बदलता येतो, पण पूर्वपरीक्षेच्या तोंडावर पोट बिघडलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून मी जिथे जेवते त्या मेसबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे.

मेसला पाटी नाही. शास्त्री रोडवरून अभ्यासिकांच्या गल्लीत शिरायचं, जुन्या इमारतीचा पहिला मजला. कुणालाही 'काकूंची मेस' विचारलं तरी दाखवतात. काकू उदगीरकडच्या. दोन वेळचे महिन्याला ३,४०० रुपये, पैसे आगाऊ. तीन पोळ्या किंवा दोन भाकरी, एक रस्साभाजी, एक सुकी, वरण, भात आणि शेंगदाण्याची चटणी. पोळी तव्यावरून थेट ताटात येते. भातात सोडा नसतो. हे मुद्दाम लिहिते, कारण याआधी जिथे जेवायचे तिथे चार घासांत पोट फुगायचं आणि तासाभरात पुन्हा भूक लागायची. काकूंचं पिठलं आणि दोडक्याची भाजी फार छान. वांगं मात्र आठवड्यातून तीन-तीनदा होतं, ते कमी करायला हवं.

पण ही मेस मी सुचवते ती तिच्या वेळांसाठी. इथल्या बहुतेक मेस दुपारी दोनला बंद होतात आणि रात्री साडेसातला उघडतात. मधल्या वेळात अभ्यासिकेत बसलेल्यांची भूक कुणाच्याच हिशेबात नसते. टेस्ट सिरीजचे, म्हणजे सराव परीक्षांचे, मार्क नेमके तेव्हाच येतात, भरतीची जाहिरात लांबल्याची बातमी ग्रुपवर पडते, घरून फोन येतो. पाचच्या सुमाराला खाली गाड्यांवर बघा: वडापाव, चीज मॅगी, मेयोनीज सँडविच, क्रीमरोल. उभ्या उभ्या, एका हातात मोबाइलवर उत्तरतालिका उघडी ठेवून मुलं खात असतात. शंभर प्रश्नांतले किती चुकले, दर चुकीमागे प्रश्नाच्या पाव हिश्श्याने किती गुण गेले, हे मोजता मोजता प्लेट कधी संपली हेही कळत नाही.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय, त्यामुळे याला जिभेचे चोचले म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अचानक धडकी भरली की अ‍ॅड्रेनलिनमुळे भूक मरते. पेपरच्या दिवशी सकाळी घास उतरत नाही तो म्हणूनच. पण ताण महिनोन्‌महिने चालू राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहू लागतं आणि पुष्कळांची भूक वाढते, तीही गोडाची आणि तेलातुपाची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांच्या आधारे, असं मांडलं की असं खाल्ल्यावर मेंदूतली ताणाची यंत्रणा खरोखरच थोडी शांत होते, आणि सोबत पोटावर चरबी साठत जाते. त्यात आमची झोप अर्धवट. झोप तुटली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलीला 'जरा तोंडावर ताबा ठेव' असं सांगणं मला क्रूर वाटतं.

काकूंनी पाच वाजताचा खाऊ सुरू केला तो खिडकीतून या गाड्यांवरची गर्दी बघून, असं त्या सांगतात. पंचवीस रुपये प्लेट, मेंबर नसलात तरी मिळते. कधी धिरडं, कधी उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून, आणि आठवड्यातून एकदा सुशीला, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे. मी लातूरची, त्यामुळे सुशीलाच्या दिवशी मला पुस्तकात लक्ष घालायला सांगू नका. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच मुठीत दाबून काढायचे. जास्त भिजले तर लगदा होतो, कमी भिजले तर घशाशी अडकतात. काकूंचा हात याबाबतीत अचूक. कढईत मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, भरपूर कांदा, हळद. मग चुरमुरे, वरून डाळ्याचं कूट, चिमूटभर साखर, कोथिंबीर. कूट पडलं की एक खमंग वास सुटतो आणि तो जिन्यापर्यंत येतो. एक प्लेट खाल्ली की साडेसातपर्यंत गाड्यांकडे पाय वळत नाहीत. माझ्या खोलीतल्या दोघींनी रात्रीचं मॅगी जवळपास सोडलंय, ते कुणाचा उपदेश ऐकून नाही, संध्याकाळी पोटात काहीतरी धड पडतं म्हणून.

काकूंचे दोन नियम मला या खाऊहून मोठे वाटतात. टेबलावर मोबाइल काढायचा नाही, आणि कुणाच्या खाण्यावर कुणी बोलायचं नाही. 'अजून एक पोळी?' असं भुवया उंचावून विचारणारी माणसं मुलींच्या वाट्याला फार येतात. इथे कुणी तसं बोललंच तर काकू त्याला तिथल्या तिथे गप्प करतात. गेल्या पूर्वपरीक्षेची उत्तरतालिका आली त्या रात्री आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी कागद-पेन घेऊनच जेवायला आली. काकूंनी कागद उचलून फ्रिजवर ठेवला, मुगाची खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "आधी जेव की गं पोरी, मार्क कुठं पळून चाललेत?" ती रडत रडत जेवली. कुणी तिला समजवायला गेलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. नंतर तिने पुन्हा खिचडी मागून घेतली.

२०१४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेसी मॅन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मन खट्टू करणारी दृश्यं दाखवून लोकांना एकदा त्यांच्या आवडीचा दिलासा देणारा पदार्थ दिला, दुसऱ्या वेळी काहींना दुसरंच काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचं मन जवळपास सारखंच सावरलं. आम्हाला शिकवताना हे ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं, त्या रात्री नीट कळलं. मन सावरायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठे, कुणाच्या शेजारी बसून काढायचा हा प्रश्न असतो. काकूंकडे बसायला जागा आहे आणि उठ म्हणणारं कुणी नाही.

आता तक्रारी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. इतर मेसही तेव्हा बंद असतात हे मान्य, पण आमची परीक्षा आणि टेस्ट दोन्ही बहुतेक रविवारीच होतात. सकाळचा पेपर, दुपारचा सीसॅट, म्हणजे कल चाचणीचा पेपर, देऊन डोकं सुन्न झालेलं असतं, नेमक्या त्याच संध्याकाळी आम्ही गाड्यांच्या हवाली. लोकसेवा आयोगाच्या मोठ्या परीक्षांच्या रविवारी काकू खिचडी-कढी ठेवतात, पण टेस्टच्या रविवारी नाही. मी त्यांना सांगितलंय. मदतीला बाई मिळाली तर बघते म्हणाल्या. तुम्हीही सांगा, चार जणींनी सांगितलं तर होईल. दुसरं, खाडा सलग तीन दिवसांच्या वरच धरतात, त्यामुळे दोन दिवस गावी गेलात तर पैसे बुडाले. तिसरं, एका वेळी बाराच जण बसतात. रात्री साडेआठला जिन्यात थांबावं लागतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पोट दुखेपर्यंत खाणं, लपून खाणं, खाल्ल्यावर स्वतःचा तिरस्कार वाटणं हे वरचेवर होत असेल, तर मेस बदलून भागणार नाही. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. खोलीतल्या मैत्रिणीचं असं होताना दिसलं तर तिला चिडवू नका, शेजारी बसून फोन लावून द्या.

मेंबर व्हायचं असेल तर महिनाअखेरीला जा, मुलं गावी परतली की जागा होते. आधी गेस्ट म्हणून ऐंशी रुपये देऊन जेवून बघा. आणि सुशीला कोणत्या दिवशी आहे ते विचारून ठेवा, सव्वापाचनंतर उरत नाही.