‘एक्स आउट’ की ‘क्रॉस आउट’ : इंग्रजीत खोडताना कोणतं क्रियापद घ्यावं?

इंग्रजीत शब्द खोडल्याचं सांगायचं असेल, तर ‘क्रॉस आउट’ लिहावं की एक्स या अक्षराचंच क्रियापद करून ‘एक्स आउट’ म्हणावं? मी आधी एवढंच बघतो : खोडल्यावर खालचा शब्द वाचता येतो का?

‘क्रॉस आउट’मध्ये शब्दावरून रेघ जाते. खालचं सहसा वाचता येतं; हस्तलिखितात लेखकाचा आधीचा विचार दिसतो तो त्यामुळेच. ‘एक्स आउट’ची खरी जागा टाइपरायटर. तिथे कागदावर खोडरबर घासणं किचकट, म्हणून बॅकस्पेसने मागे यायचं आणि चुकलेल्या शब्दावर ओळीने एक्स ठोकायचे. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा असल्याने एक्स नेमका अक्षरावर बसतो. बहुधा स्मॉल एक्सच, कारण शिफ्ट दाबावी लागत नाही. त्याखाली ए, ई, ओ अशी बुटकी अक्षरं बुजतात, पण डी, एल, एच यांचे दांडे वर डोकावतात आणि चिकाटीचा वाचक त्यावरून शब्द ओळखतो. ही सगळी गंमत ‘क्रॉस आउट’ लिहिलं की हातची जाते. टाइप केलेलं पत्र किंवा दडवलेलं नाव असा प्रसंग असेल, तर बेधडक ‘एक्स आउट’ घ्या. मात्र १९५६ मध्ये अमेरिकेत बेट नेस्मिथ ग्रॅहम यांनी चुका झाकायचं पांढरं द्रव विकायला सुरुवात केली. त्यानंतरच्या ऑफिसातला प्रसंग असेल, तर तिथे ही बाटली होती का, हे आधी ठरवा.

‘स्ट्राइक आउट’ अर्ज आणि कायदेशीर कागदांसाठी ठीक. गोष्टीत नको, अमेरिकी वाचकाला आधी बेसबॉल आठवतो.

‘एक्स’नंतरचं ‘आउट’ गाळू नका. ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर एक्स करणं म्हणजे त्या उमेदवाराला मत देणं, म्हणजे अर्थ थेट उलटा.

भूतकाळाच्या स्पेलिंगवर लोक अडतात. मेरियम-वेब्स्टर कोशात तिन्ही रूपं आहेत : एक्सनंतर संयोगचिन्ह देऊन ‘ईडी’, अपॉस्ट्रॉफी देऊन नुसता ‘डी’, किंवा काहीच न देता सलग. सलग रूप मी टाळतो, डोळा ते वेगळाच शब्द म्हणून वाचतो. अपॉस्ट्रॉफीचं रूप ‘ओके’च्या भूतकाळामुळे ओळखीचं आहे, संवादात छान बसतं. एरवी संयोगचिन्ह बरं, कारण ‘आयएनजी’ लावतानाही तेच चालतं. एका मजकुरात एकच रूप ठेवा.

हेच वाक्य मराठीत आणायचं असेल, तर नुसतं ‘खोडलं’ अपुरं पडतं. खोडरबरने पुसलेलंही खोडलेलंच असतं. रेघ असेल तिथे ‘काट मारली’. एक्सची रांग असेल तिथे ‘फुल्या मारून बुजवलं’. छापता न येणाऱ्या शिवीच्या जागी आपण ‘फुल्या फुल्या’ म्हणतोच, त्यामुळे काहीतरी दडवलंय हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.