लेझर-कट अ‍ॅक्रिलिकचे सांधे: पातळ सॉल्व्हंट सिमेंट काही महिने वापरल्यानंतर

डिस्प्ले केससाठी 3 आणि 5 मिमीची कास्ट (साच्यात ओतून बनवलेली) अ‍ॅक्रिलिक शीट, कटिंग लेझरवर आणि जोडकाम वेल्ड-ऑन 4 सारख्या पाण्याइतक्या पातळ सॉल्व्हंट सिमेंटने, हा मेळ बरेच महिने रोजच्या वापरात आहे. सांधे काचेसारखे स्वच्छ येतात, यात वाद नाही. पण पहिल्या दिवशीचा सांधा बघून मत बनवू नये. खरे दोष काही आठवड्यांनी वर येतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा बाटलीत नसतं, कापलेल्या कडेत असतं.

आधी हे पक्कं हवं की हा डिंक नाही. सॉल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात, सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे फक्त अ‍ॅक्रिलिक उरतं. म्हणूनच सांधा दिसत नाही, आणि म्हणूनच तो फट भरत नाही. कोरडेच तुकडे जुळवून उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली, तर तिथे सिमेंट ओतून काही होणार नाही. 0.1 मिमीच्या आसपासची फटसुद्धा चंदेरी डागासारखी कायमची दिसत राहते.

लेझरची कड आरशासारखी चकाकते, त्यामुळे ती तयारच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात लेझरने वितळलेला पातळ थर थंड होताना आकसतो, पण आतलं थंड अ‍ॅक्रिलिक त्याला आकसू देत नाही. कड ताणातच गोठते. त्यावर सॉल्व्हंट लागला की ताण मोकळा होतो तो केसासारख्या बारीक भेगांतून. या भेगा कडेला काटकोनात, एकमेकींच्या शेजारी ओळीने उमटतात. कधी मिनिटभरात, कधी केस शेल्फवर जाऊन बसल्यावर. ज्वाळेने पॉलिश केलेल्या कडेचंही तेच होतं, तेव्हा जोडायच्या कडेला टॉर्च लावूच नका.

यावर उपाय दोन. पहिला अ‍ॅनिलिंग, म्हणजे तापवून सावकाश गार करत कडेतला ताण काढणं. संरक्षक फिल्म पूर्ण काढायची (तापल्यावर तिचा गोंद शीटला घट्ट बसतो), तुकडे सपाट ट्रेवर एकमेकांना न चिकटता ठेवायचे, ओव्हन 80 अंश सेल्सिअसवर ठेवून 3 ते 5 मिमी शीटला दोन-तीन तास द्यायचे, आणि मग ओव्हन बंद करून दार न उघडता तुकडे आतच गार होऊ द्यायचे. घाईने बाहेर काढले तर नवा ताण बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. अ‍ॅक्रिलिक 105 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. ओव्हनच्या डायलवर भरवसा नसेल तर आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

दुसरा उपाय म्हणजे तो थर काढूनच टाकणं. काच किंवा ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर 320 नंबरचा वॉटर पेपर, मग 400, थोडं पाणी, आणि तुकडा गुण्याला (काटकोनी पट्टीला) टेकवून सरळ ओढायचा. कड मॅट दिसायला लागली की थांबायचं. मॅट कड पाहून घाबरू नका, सॉल्व्हंट लागताच ती पारदर्शक होते. हात मात्र जरासुद्धा कलला की कडेचे कोपरे गोल होतात आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खाच राहते. मोठ्या संख्येने केस करायच्या असतील तर अ‍ॅनिलिंगच बरं. एखाद-दुसऱ्या केसला वॉटर पेपर पुरतो.

घासल्याने आणखी एक फायदा होतो, कड काटकोनात येते. लेझरचा कट तंतोतंत काटकोनात नसतो, त्याला थोडा उतार असतो. 3 मिमीला तो चालून जातो, 5 मिमीला जाणवतो. फोकस शीटच्या वरच्या पृष्ठभागाऐवजी जाडीच्या मध्यावर ठेवला तर उतार कमी होतो. शिवाय कटच्या एका बाजूला वितळलेल्या मालाची बारीक उंच किनार राहते. नखाने चाचपली तर लगेच कळते. ती धारदार स्क्रेपरने एकदा सरळ ओढून काढल्याशिवाय तुकडा नीट बसत नाही. आणि शीटची जाडी व्हर्नियरने मोजल्याशिवाय ड्रॉइंग पाठवू नका. 3 मिमी म्हणून घेतलेली कास्ट शीट 2.7 भरू शकते किंवा 3.3ही. दातेरी (दाते एकमेकांत अडकवलेले) सांधे असतील तर तेवढ्यानेच सगळं बिघडतं. तसंही डिस्प्ले केसला दातेरी सांधा नकोच, सरळ कड टेकवलेला सांधा जास्त देखणा दिसतो.

अ‍ॅनिलिंग न करता फिल्म तशीच ठेवली असेल, तर ती सांध्याच्या दोन्ही बाजूंनी किमान 10 मिमी मागे सोलून ठेवा. अगदी कडेपर्यंत ठेवली तर सॉल्व्हंट तिच्याखाली ओढला जातो आणि फिल्म काढल्यावर खाली नकाशा उमटलेला असतो. मास्किंग टेपचंही तेच, सांध्याला लागून कधीच नको. साफसफाई साबणाच्या सौम्य पाण्याने आणि मायक्रोफायबर कापडाने. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ताण असलेल्या कडेवर स्वतःच भेगा पाडतं.

आता प्रत्यक्ष लावणं. पॉलिथिनची मऊ बाटली, त्यावर 25 गेजची बोथट स्टीलची सुई. बाटली अर्धीच भरायची. सुई वर असताना बाटली किंचित दाबून थोडी हवा बाहेर काढायची, दाब तसाच ठेवून उलटी करायची आणि हळूच सैल सोडायची. बाटली हवा आत ओढत असते तोवर थेंब पडत नाही, आणि तेवढ्या वेळात सुई सांध्याच्या कोपऱ्यावर टेकवायची. मग अगदी हलका दाब देत सुई एका चालीने पुढे न्यायची. सॉल्व्हंट फटीत आपोआप ओढला जातो. कोरड्या सांध्याचा राखाडी रंग सुईच्या मागोमाग नाहीसा होताना स्पष्ट दिसतो. जिथे राखाडी ठिपका उरला तिथे विरुद्ध बाजूने एक थेंब. त्याच बाजूने पुन्हा भरलं तर हवा आत कोंडते आणि बुडबुडा कायमचा राहतो.

सांधा नेहमी आडवा हवा. उभ्या सांध्यात सॉल्व्हंट खाली ओघळतो, म्हणून प्रत्येक सांध्यासाठी केस फिरवून घ्यायची. तुकडे काटकोनात धरायला ठोकळे वापरा, पण ठोकळ्याची आतली धार तासून टाका. नाहीतर सॉल्व्हंट ठोकळ्याच्या फटीतही शिरतो आणि ठोकळा केसला चिकटतो.

5 मिमी आणि त्याहून जाड शीटला एवढ्याने भागत नाही. तिथे कडेखाली दर 50 ते 75 मिमीवर साधारण 0.25 मिमीची स्टीलची तार ठेवायची, फटीत सॉल्व्हंट भरायचा, अर्धा मिनिट ते एक मिनिट थांबायचं आणि तारा एकेक करून ओढून घ्यायच्या. दोन्ही बाजू तोवर मऊ झालेल्या असतात, वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली बसतो. त्यावर क्लॅम्प आवळू नका. मऊ थर बाहेर पिळला जातो आणि मध्ये कोरडा पट्टा राहतो.

सांध्यावर पांढरट धुकं आलं तर कारण बहुतेक वेळा दमट हवा असतं. या सिमेंटमधला मुख्य घटक डायक्लोरोमिथेन 40 अंशांनाच उकळतो. तो इतक्या झपाट्याने उडतो की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे दवासारखी बसते. खोली कोरडी करा किंवा सावकाश उडणारं सिमेंट घ्या. आणि चुकून थेंब पडलाच तर पुसू नका. पुसला की डाग पसरतो. तसाच सुकू दिला तर छोटा ठसा राहतो आणि तो नंतर पॉलिश करून निघतो.

इन्स्टंट ग्लूची वाफ कडेभोवती पांढरी बसते, त्यामुळे डिस्प्ले केसला तो बादच. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा यूव्ही ग्लू चांगला, फट थोडी भरतोही, पण अतिनील किरण अडवणारी शीट असेल तर दिव्याचा प्रकाश ग्लूपर्यंत पोचतच नाही. दाट सिमेंट मोठ्या फटीला उपयोगी, फक्त बुडबुडे नजरेला येणार हे धरून चला.

मिनिटाभरात तुकडा हलेनासा होतो, पण केस उचलायची घाई दहा मिनिटं तरी नको, आणि वजन दुसऱ्या दिवशीच. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या गोष्टीकडे: ताजी केस लगेच तळावर पालथी घालून बंद करू नका. आत कोंडलेली वाफ उरलेल्या ताणलेल्या कडांवर काम करत राहते. उघड्या तोंडाने दोन दिवस तरी हवेशीर ठेवा, आत पॉलिस्टायरीनचं मॉडेल जाणार असेल तर आठवडाभर.

काही महिन्यांत सांधा सुटलेला दिसला तो तळाशी, जिथे अ‍ॅक्रिलिक लाकडाला घट्ट चिकटवलं होतं. अ‍ॅक्रिलिक 10 अंशांच्या फरकाने मीटरमागे सुमारे 0.7 मिमी वाढतं, लाकूड तेवढं हलत नाही. लांब केस तळाच्या खाचेत सैल बसवा. नीट अ‍ॅनिल केलेल्या केसमध्ये सांधे पिवळे पडलेले नाहीत, भेगाही नाहीत.

डायक्लोरोमिथेनची वाफ हवेपेक्षा जड असते, शरीरात गेल्यावर त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि ते नायट्राइलच्या हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. हातमोज्यावर थेंब पडला की हातमोजा लगेच काढा. कार्बन फिल्टरचा मास्क यावर फार काळ टिकत नाही, टेबलाच्या पातळीवरून हवा बाहेर खेचणारा पंखाच हवा. रबरी दट्ट्याची सिरिंज वापरू नका, रबर फुगून दट्ट्या अडकतो. काम संपल्यावर बाटलीतला उरलेला माल धातूच्या डब्यात परत ओता आणि सुईत बारीक तार घालून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई तुंबलेली मिळते.