हातमोज्यांची जुनी पेटी, आणि कुणाचातरी पहिलावहिला हात

मागच्या महिन्यात लँबर्टविलला गेलो होतो, न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या काठी आहे ते, जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी लोक मुद्दाम जातात तिथे. एका छोट्या दुकानात ही पेटी दिसली, ३८ डॉलर. लांबट, अरुंद, बायकांचे हातमोजे ठेवायची, झाकणावर केस वर बांधलेल्या बाईचा चेहरा आणि बाजूनं पॉइन्सेटियाची फुलं, त्यांचा लाल रंग अजून मस्त टिकलाय. चिठ्ठीवर 'हँड कार्व्ह्ड' लिहिलेलं, पण ते साफ चूक आहे. कोरलेली नाहीये ही, तापलेल्या टोकानं जाळून काढलीये, म्हणजे पायरोग्राफी. मी चार वर्षं हेच करते त्यामुळे हातात घेतल्या घेतल्या कळलं.

उलटी केली तर तळाला शिक्का, फ्लेमिश आर्ट कंपनी, न्यू यॉर्क, आणि खाली डिझाइनचा नंबर. साधारण १९०० च्या आगेमागे अमेरिकेत या कामाचं प्रचंड वेड होतं आणि अशा कंपन्या बासवूडच्या (मऊ, फिकं लाकूड) पेट्या, फ्रेमा, ताटं वगैरेंवर चित्राची आउटलाइन छापून विकायच्या, जाळायचं काम लोक घरी बसून करायचे. म्हणजे चित्र कंपनीचं पण हात विकत घेणाऱ्याचा. आणि हा हात नवशिक्याचा आहे हे मी छातीठोकपणे सांगते, कारण शिक्क्याच्या शेजारीच सरावाच्या खुणा आहेत! ठिपक्यांची एक ओळ, सात-आठ आखूड रेघा, आणि एक गोल जो जिथे सुरू झाला तिथे येऊन मिळतच नाही. दुकानात उभ्याउभ्याच मला गलबलून आलं, माझ्या पहिल्या पाटीच्या मागेही अगदी हेच आहे.

मागची बाजू आधी केली असणार. तिथे प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एक जाड काळा ठिपका आहे, टोक टेकवलं आणि भीतीनं हात तिथेच थांबला की लाकूड करपतं, तो हा ठिपका. टोक चालतं ठेवूनच टेकवायचं असतं, ते यायला वेळ लागतो. शिवाय एकच रेघ मध्येच गडद मध्येच फिकी होते. तेव्हा आपल्यासारखं विजेचं पेन नव्हतं, प्लॅटिनमचं टोक, त्यात रबरी नळीतून बेंझिनची वाफ, आणि दुसऱ्या हातानं रबरी फुगा सतत दाबत राहायचा, दाबायचं विसरलं की टोक निवतं आणि जोरात दाबलं की रेघ काळीकुट्ट. (हे अवजार मुळात पाकलँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८७० च्या दशकात जखमा डागायला बनवलं होतं.) म्हणजे त्या रेघेत डाव्या हाताची लय पण उमटलीये बघा. पुढच्या बाजूला येईपर्यंत ठिपके कमी होतात आणि झाकणावर बाईच्या केसांच्या रेघा तर इतक्या सफाईदार आहेत, सुरुवातीला गडद आणि शेवटाकडे विरत गेलेल्या, की तोच हात यावर विश्वास बसत नाही. एकाच पेटीवर माणूस शिकलेला दिसतो, मला तरी याहून भारी काही नको.

सही नाहीये. पायरोग्राफीतल्या नावाजलेल्या माणसाचं बघायचं असेल तर अमेरिकन कलाकार जे. विल्यम फॉस्डिक यांचं जोन ऑफ आर्कचं भलंमोठं काम, १८९६ चं, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. पण ते हातात घेऊन उलटं करून बघता येत नाही ना.

तक्रार दोनच. एका बिजागरीचा स्क्रू गायब आहे, ते ठीक, पण विकायच्या आधी कुणीतरी वरून चकचकीत तेलाचं पॉलिश फासलंय आणि चेहऱ्याचा फिका भाग पिवळट झालाय, त्यामुळे गालावरची बारीक शेडिंग दबली. हे फार वाईट वाटलं. कृपा करून जुन्या पायरोग्राफीला तेल लावू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नाही, जळका थर वरच्यावरच असतो, घासला की गेला. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, बस्स.

पाचपैकी साडेचार. घ्यायला जाल तर झाकण बघून भाव करू नका, आधी तळ बघा. माझी पेटी मी शेल्फवर उलटीच ठेवलीये.