चार मिनिटं, एक स्टूल आणि माइक: ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’चा अखेरचा भाग

‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा पाचवा आणि अखेरचा सीझन २६ मे २०२३ रोजी प्राइम व्हिडिओवर संपला. शेवटच्या भागाचं नाव ‘फोर मिनिट्स’. नाशिकमध्ये कॅफेतल्या ओपन माइकला (कोणीही मंचावर येऊन विनोद सादर करावेत अशा कार्यक्रमाला) उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा बघावा: एकदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा शेवटच्या सेटच्या, म्हणजे मंचावर सलग सादर केलेल्या विनोदांच्या, बांधणीसाठी. पुढे शेवट उघड केला आहे, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं.

काळ १९६१चा, शहर न्यूयॉर्क. स्टँडअप कॉमेडियन म्हणून नाव कमावू पाहणारी मिज मेझल (रेचल ब्रॉस्नहन) ही गॉर्डन फोर्डच्या रात्रीच्या टॉक शोमध्ये लेखिका आहे. गॉर्डनचा नियम असा, की शोसाठी काम करणारा माणूस शोमध्ये झळकणार नाही. तिची मॅनेजर सूझी (ॲलेक्स बोरस्टीन) शेवटी गॉर्डनच्या बायकोला जुन्या नात्याची आठवण देऊन गळ घालते. गॉर्डनला हो म्हणावं लागतं आणि तो राग तो बसण्याच्या जागेवर काढतो. मिज येणार ती ‘आमची एक लेखिका’ म्हणून, कॉमेडियन म्हणून नव्हे. तिला सोफा नाही, स्टूल. सेट करायचा नाही, नुसत्या गप्पा मारायच्या.

पटकथेची खरी करामत या स्टुलात आहे. टॉक शोमध्ये कॉमेडियनला सोफ्यावर बोलावणं म्हणजे यजमानाने त्याला मानणं. त्यामुळे एक शब्दही न बोलता तिची पायरी प्रेक्षकाला दिसते. मग जाहिरातींचा ब्रेक होतो. कार्यक्रमाची चार मिनिटं उरलेली असतात. ती सूझीकडे बघते, उठते आणि थेट मधल्या माइकपाशी जाऊन उभी राहते. मिजला नुसतं रीतसर आमंत्रण मिळालं असतं, तर तेच शब्द अर्ध्यानेही चढले नसते.

आता सेटकडे. क्लबमध्ये चांगल्या सेटचा ढोबळ हिशेब मिनिटाला चार ते सहा हशे असा धरतात. म्हणजे चार मिनिटांत सोळा ते चोवीस. हशाला जागा सोडली तर सावकाश बोलणाऱ्याचे चार मिनिटांत चारशे-साडेचारशे शब्द होतात. मिज यापेक्षा बरीच वेगात बोलते; ते ब्रॉस्नहनच्या जिभेला झेपतं, नवख्याने त्या वेगाच्या नादी लागू नये. शिकायचं आहे ते हशांचं वाटप. सुरुवातीला ती घरसंसारावरचे आखूड, झटपट पंच (हशा पिकवणाऱ्या ओळी) टाकते आणि प्रेक्षक आपल्या बाजूला आल्यावरच गंभीर होते: मला मोठं आयुष्य हवंय, बाईची महत्त्वाकांक्षा लोकांना बरी दिसत नसेल, पण खिडकीशी बसून वाट बघत राहणं त्याहून वाईट दिसतं. इथे दीर्घ पट्टा हशाशिवाय जातो, तरी प्रेक्षक चुळबूळ करत नाहीत, कारण आधीच्या हशांनी तेवढा विश्वास मिळवून ठेवलेला असतो. हाच मजकूर पहिल्या मिनिटाला आला असता, तर तो भाषण वाटला असता.

आपल्याकडे नेमकी इथेच गल्लत होते. १९६१ सालीच पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. आपली एकपात्रीची परंपरा त्या वळणाची, संध्याकाळभर रंगणारी. माणसं उभी करायची, किस्सा घोळवायचा, मग टाळी घ्यायची. कालिदास कलामंदिरात तिकीट काढून बसलेला प्रेक्षक तेवढा धीर धरतो. कॅफेत कॉफी मशीनच्या आवाजात तो धरत नाही. चार मिनिटांच्या स्लॉटमध्ये पहिला हशा दीड मिनिटाने आला, तर सेट तिथेच बसला. पहिला पंच वीस-तीस सेकंदांच्या आत हवा. एक मिनिट उरल्याचा दिवा दिसला की नवा किस्सा उघडायचा नाही, थेट शेवटच्या पंचावर यायचं.

दिग्दर्शनात एक गोष्ट खटकते. सेट चालू असताना कॅमेरा वारंवार प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांकडे, पूर्वीचा नवरा जोएलकडे, सूझीकडे वळतो. भावनेसाठी ते ठीक, पण विनोदाची लय तुटते आणि पंच खोलीत कसा पडला ते कळत नाही. गॉर्डनचा पालटही फार झपाट्याने होतो. इतका चिडलेला माणूस चारच मिनिटांत तिला सोफ्यावर बोलावतो आणि मालिकेच्या नावातलं विशेषण लावून तिची ओळख करून देतो. त्या क्षणी अंगावर काटा येतो हे खरं, तरी मधली एक पायरी हवी होती.

त्या काळचा खराखुरा अमेरिकी स्टँडअप कॉमेडियन लेनी ब्रूस याचा भाग मात्र अस्सल आहे. भागाची सुरुवातच १९६५ साली होते. ल्यूक कर्बीने साकारलेला लेनी मंचावर स्वतःच्या खटल्याचे कागद वाचतोय आणि कोणी हसत नाही. खऱ्या लेनी ब्रूसला १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून दोषी ठरवलं होतं. १९६६ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. राज्यपालांची माफी मिळाली ती मरणोत्तर, २००३ साली. कॉमेडियन विनोद सोडून स्वतःची बाजू मांडत बसला की प्रेक्षक कसा हातचा जातो, ते या छोट्या प्रसंगात जितकं दिसतं तितकं क्वचितच पाहायला मिळतं. मिजचा सेट बघण्याआधी हे दाखवणं ही मोठी समज आहे.

शेवटी २००५ साल येतं. म्हाताऱ्या झालेल्या मिज आणि सूझी आपापल्या घरी एकच टीव्ही कार्यक्रम बघत फोनवर हसत असतात. हे मनाला भिडायचं असेल तर याच सीझनचा सहावा भाग आधी पाहिलेला हवा. दोघींमधलं भांडण आणि ते कसं मिटलं, ते तिथे आहे. आठवा भागही चुकवू नका. त्यात टोनी शलूबने साकारलेला मिजचा बाप एब जेवणाच्या टेबलावर आपल्या मुलीला ओळखायला आपण कसे कमी पडलो ते बोलतो. अभिनयाच्या दृष्टीने तो प्रसंग आम्हाला अखेरच्या सेटहूनही वरचा वाटतो.

संवाद अतिवेगवान आहेत, म्हणून इंग्रजी कानाला सरावाचं असलं तरी सबटायटल लावाच. भाषा मोकळी आहे, लहान मुलांसोबत बसू नका. पाचही सीझन बघायला सवड नसेल तर पहिल्या सीझनचा पहिला भाग, चौथ्याचा शेवटचा आणि पाचव्याचे सहा, आठ, नऊ एवढे भाग या क्रमाने बघा. पहिल्या भागात मिज दारूच्या नशेत गॅसलाइट कॅफेच्या मंचावर चढते. अखेरच्या भागातल्या माइकपर्यंतच्या चालीशी ते ताडून पाहा, पाच सीझनमध्ये ब्रॉस्नहनने उभं राहण्याची ढब किती बदलली ते कळेल.