सहा रंगांचा फोटो प्रिंटर: १४ महिन्यांचा वापर आणि मध्येच आलेला एक अपडेट

हा प्रिंटर मी एकाच कामासाठी घेतला. आमचं जुनं घर नारायण पेठेत, नदीपासून जवळच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खालच्या खोलीतली फोटोंची ट्रंक पाण्याखाली गेली. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सतरा वर्षांचे होते. चिखलातून काढून, धुऊन, दोरीवर वाळवून जे हाताशी राहिले ते २३ फोटो. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला या २३ फोटोंचा अल्बम करायचा आणि सातही भावंडांच्या घरी एकेक प्रत द्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. लॅबमध्ये द्यायची माझी तयारी नव्हती, कारण प्रत्येक फोटो स्कॅन करून, डाग काढून, चार-चारदा छापून बघावा लागणार होता.

दिवाळीच्या पाडव्याला प्रिंटर आणला. शाईच्या टाक्यांचा, सहा रंगांचा: काळा, पिवळा, सायन, मॅजेंटा आणि शेवटच्या दोन रंगांच्या फिक्या छटा. या फिक्या छटांमुळे चेहऱ्यावरचा उजेड सलग उतरतो, ठिपके दिसत नाहीत. पहिले आठ महिने मी अगदी समाधानी होते. २६० जीएसएमचा ग्लॉसी कागद अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानातून आणायचे. कृष्णधवल फोटोत राखाडी रंग राखाडीच यायचा, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. रंगीत शाईचा प्रिंटर राखाडी रंग सगळ्या शाया मिसळून बनवतो. एकीचं प्रमाण जरा हललं की राखाडीला लगेच हिरवी किंवा गुलाबी झाक येते. रंगीत फोटोत ती खपून जाते, जुन्या फोटोत मुळीच नाही.

जुलैच्या मध्यावर कॉम्प्युटरने रात्री स्वतःहून मोठा अपडेट घेतला. सकाळी आजीचा फोटो छापला तर काळं पातळ कांबळ्यासारखं फिकट, राखाडीला हिरवट झाक, आणि आकाशात बारीक आडव्या रेघा. कार्यक्रमाला जेमतेम अडीच आठवडे उरले होते.

इथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण हीच करतात. रेघा दिसल्या म्हणजे नोझल, म्हणजे प्रिंटरच्या हेडमधलं शाई सोडणारं बारीक छिद्र, बुजलं असं मी धरून चालले. तीनदा हेड क्लीनिंग केलं. फरक पडेना, म्हणून जोरदार क्लीनिंग दोनदा केलं. टाकीच्या प्रिंटरमध्ये हे जोरदार क्लीनिंग भरपूर शाई ओढतं आणि ती शाई आतल्या वेस्ट इंकच्या पॅडमध्ये जाते. टाक्यांची पातळी डोळ्यांदेखत खाली गेली. मग कागदावर संशय घेतला. पुण्यातल्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, कडा वळतात, हे खरं आहे, म्हणून नवं पाकीट फोडलं. तरी तेच. शेवटी सर्व्हिसचा माणूस बोलावला. त्याने एक प्रिंट पाहिली आणि म्हणाला, ‘‘ताई, हेड गेलंय. बदलावं लागेल.’’ सांगितलेला खर्च प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता. त्याने नोझल चेकचा कागद, म्हणजे सगळी छिद्रं शाई सोडतात का ते दाखवणारी चाचणी प्रिंट, काढून पाहिलाच नाही, आणि मीही आग्रह धरला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी आत्या आली. तिला पेन्शनच्या कामासाठी पासपोर्ट फोटो हवे होते. कॉम्प्युटर बंद होता, म्हणून मी तिच्या फोनमधला फोटो प्रिंटर कंपनीच्या ॲपवरून थेट छापला. आत्या म्हणाली, ‘‘अगं, हा तर सुरेख आलाय की!’’ खरंच सुरेख आला होता. साडीचा काठ स्वच्छ, रेघ एकही नाही.

मी तशीच उठले आणि प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून नोझल चेक काढला. सहाही रंगांच्या जाळ्या अखंड होत्या. म्हणजे हेड ठीक, शाई ठीक, कागद ठीक. बिघाड कॉम्प्युटरकडून प्रिंटरकडे जाणाऱ्या आज्ञेत होता. अपडेटनंतर प्रिंट बिघडली तर शाईला हात लावण्याआधी या दोन गोष्टी करा: प्रिंटरवरूनच नोझल चेक, आणि कॉम्प्युटरला वगळून एक फोटो. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागतात.

मग प्रिंटची सेटिंग उघडून नीट पाहिली. पूर्वी कागदाच्या प्रकारांची लांब यादी असायची: साधा, मॅट, ग्लॉसी, प्रीमियम ग्लॉसी. आता दोनच नावं उरली होती, आणि दर्जात फक्त ड्राफ्ट आणि नॉर्मल. अपडेटने कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञा प्रिंटरला समजावणारा प्रोग्रॅम, बाजूला सारून सिस्टीमचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला होता. तो पत्रं आणि बिलं उत्तम छापतो, पण समोर ग्लॉसी कागद आहे हे त्याला सांगायची सोयच नसते. प्रिंटर साध्या कागदाच्या हिशोबाने शाई सोडतो, हेड भराभर फिरतं, आणि चकचकीत कागदावर काळं फिकं पडतं, रेघा उमटतात.

प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडला तर सिस्टीमने परत तोच ड्रायव्हर घेतला. प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर्सच्या पानावर जाऊन ड्रायव्हर आणि त्याचं पॅकेज, दोन्ही मुळापासून काढावी लागली. मग यूएसबीची वायर काढून ठेवली, कंपनीच्या साइटवरून पूर्ण पॅकेज घेतलं, आणि इन्स्टॉलरने सांगितल्यावरच वायर लावली. साइटवर एक छोटं ‘बेसिक’ पॅकेज आणि एक पूर्ण पॅकेज असतं. पूर्णच घ्या. कागदांची यादी परत आली, रेघा गेल्या, काळं खोल झालं.

पण चेहरे लालसर येऊ लागले! कृष्णधवल फोटोत तर राखाडीचा पार जांभा दगड झाला. याचं कारण वेगळं निघालं. फोटोत रंग आकड्यांनी साठवलेले असतात, आणि कुठला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग हे सांगण्यासाठी प्रोफाइल असतात. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने घालून दिलेली ही पद्धत आज सगळीकडे चालते. माझ्या स्कॅन केलेल्या फोटोंना एसआरजीबीचं, म्हणजे स्क्रीनसाठी सर्रास वापरलं जाणारं, प्रोफाइल होतं. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याचं रूपांतर माझ्या कागदाच्या प्रोफाइलमध्ये करत होतं. आधी ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती मी बंद ठेवलेली होती, नव्याने बसवल्यावर ती आपोआप चालू झाली. त्यामुळे एकदा दुरुस्त झालेला फोटो ड्रायव्हर पुन्हा दुरुस्त करत होता. लाल झाक त्याची. रंग दोघांपैकी एकानेच सांभाळायचे. मी ते काम सॉफ्टवेअरकडे ठेवलं आणि ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ निवडलं. ज्यांना प्रोफाइलच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी उलट करावं, सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ ठेवावं. दोन्हीकडे चालू नको.

शिवाय अपडेटने स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोडही चालू केला होता, त्यामुळे संध्याकाळी मी फोटो उगाच निळे करून ठेवत होते. ते सहा फोटो पुन्हा करावे लागले. घाईचा मोड, म्हणजे हेड जाता-येता दोन्ही वेळा छापतं तो, बंद केला. ए-फोरला वेळ बराच जास्त लागतो, पण आकाश सलग येतं. ताजी प्रिंट लगेच जोखायची नाही, ती रात्रभर वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहायची.

बाकीचा अनुभव थोडक्यात. मे महिन्यात तीन आठवडे गावाला गेलो होतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सायनची दोन नोझल सुकली होती, एका साध्या क्लीनिंगने मोकळी झाली. आता आठवड्याला एक रंगीत प्रिंट काढतेच. या प्रिंटरची शाई डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, आहे. तिचे फोटो उघड्यावर टिकत नाहीत: स्वयंपाकघरात टाचणीने लावलेला फोटो दहा महिन्यांत उडाला, त्याच दिवशी छापलेला काचेमागचा जसाच्या तसा आहे. शाई स्वस्त पडते. कागद मागे एखादवेळ तिरका ओढला जातो, फार त्रास नाही.

यंत्र म्हणून मी याला पाचपैकी साडेचार देईन. कंपनीच्या सॉफ्टवेअरला दोनच. ड्रायव्हर बदलला गेल्याची साधी सूचनाही स्क्रीनवर येत नाही आणि माणूस निरोगी यंत्राला दोष देत बसतो. फोटोंसाठी घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त सगळी सेटिंग जमली की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि राखाडी पट्ट्यांची एक चाचणी प्रिंट मागे तारीख घालून फाइलमध्ये जपा.

१६१ प्रिंट्स कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पूर्ण झाल्या. वाड्याच्या दरवाजाच्या फोटोत पुराच्या पाण्याची रेघ मी मुद्दाम काढली नव्हती. दादांनी तिच्यावर बोट ठेवून नातवंडांना पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. डिसेंबरात पुन्हा मोठा अपडेट आला. आधी कागदांची यादी उघडून पाहिली, ती शाबूत होती. मग पट्ट्यांची प्रिंट काढली, रात्रभर वाळू दिली, आणि सकाळी खिडकीत ऑगस्टच्या प्रिंटशेजारी धरली. फरक नव्हता.