माळावर भाद्रपदात जावं की चैत्रात?

मोरगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन लोक पुढे जातात आणि वाटेतल्या सुप्याच्या माळाकडे बघून म्हणतात, "इथं काय आहे?" त्याच माळावर 5.14 चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा पट्टा. मुरमाड जमीन, बोरी-बाभळी, हिवर, मधूनमधून बोडकी टेकाडं. इथं पायी हिंडायला यायचं ठरवलं की पहिला प्रश्न एकच, कधी? बरेच जण पावसाळ्यानंतरची हिरवाई धरतात, काही जण उन्हाळा. मधला हिवाळाही आहे, त्याचं शेवटी बघू.

माझ्या मते सगळं गवताच्या उंचीवर ठरतं. भाद्रपदात ते गुडघ्याच्या वर असतं, चैत्रात घोट्याखाली. त्यामुळे तुम्हाला खाली वाकून बघायचंय की लांब नजर टाकायचीय, एवढंच आधी ठरवा.

वाकून बघणाऱ्यांचा महिना सप्टेंबर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस ओसरू लागतो तेव्हा इथं तो खरा लागतो, उत्तरा आणि हस्ताचा. मुरमावर विष्णुक्रांतेची निळी फुलं उमलतात, शर्टाच्या बटणाहून लहान आणि सकाळच्या उन्हातच उघडी. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरवडाचा पिवळा बहर. आणि नशीब असेल तर कंदीलपुष्प. ते उघड्या माळावर शोधू नका, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा बोरीच्या काट्यांत शोधा. वेल दोऱ्यासारखी असते. फूल बोटाच्या पेराएवढं, खाली फुगीर आणि वर नळी. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. चिलटासारखी माशी आत उतरते, पण केसांमुळे तिला वर येता येत नाही. पुढे केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते. हे एक फूल नीट बघायला मला अर्धा तास लागला होता, हाताला बोरीचे ओरखडे आले ते वेगळे.

प्राणी मात्र या दिवसांत रुसतात. चिंकारा म्हणजे इथलं छोटं हरीण, शेळीएवढं, त्यात रंग सुकल्या मातीचा. गवतातून कानांची टोकं आणि शिंगं दिसली तरी पुष्कळ. पुष्कळदा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. धोका वाटला की तो शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पुढचा पाय आपटतो.

ऑक्टोबरात मग कुसळी गवत पिकतं. त्याचं कुसळ ओलं-कोरडं झालं की पीळ घेतं आणि सोडतं, असंच फिरत फिरत बी जमिनीत रुततं. मोजा आणि जमीन यांतला फरक त्याला कळत नाही. एका वर्षी मी लोकरी मोजे घालून गेलो होतो. घरी येऊन रात्रभर उपसत बसलो आणि शेवटी मोजेच टाकून दिले. या काळात गुळगुळीत कापडाची पॅन्ट घाला आणि ती बुटावरून खाली येऊ द्या. शेताच्या कडेने गेलात तर काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतात, म्हणून मुरमावरूनच चाला.

चैत्रात चित्र उलटं. गवत चरून आणि वाळून संपलेलं असतं, पळसाचा बहर ओसरतीला लागलेला. नजर लांब जाते. चिंकाऱ्याचं तीन-चारांचं टोळकं दुरूनच कळतं, आणि ओळख पटते ती सतत हलणाऱ्या काळ्या शेपटीवरून. पाणवठ्यावर दबा धरून बसू नका. पानांतल्या ओलाव्यावर हा प्राणी दिवसचे दिवस काढतो. काळवीट बघायचं असेल तर ठिकाणच बदला. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य, 1980 पासूनचं, त्यासाठीच आहे.

पण चैत्रात मी जातो तो सरड्यासाठी. सकाळी आठच्या सुमारास पंखागळ्याचा नर एखाद्या दगडावर चढतो, मान वर करतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. निळा, काळा, नारिंगी. क्षणभरात मिटतो, परत उघडतो. दहा पावलांवर मांडी घालून बसलात तर तो तुम्हाला विसरतो. दख्खनच्या माळांवरच्या या मोठ्या पंख्याच्या सरड्यांसाठी 2016 मध्ये नवा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडला गेला, आणि त्याला शास्त्रीय नाव मिळालं 'सरडा'. लॅटिन यादीत आपला घरगुती शब्द वाचून मला अजून गंमत वाटते.

चैत्राची किंमत उन्हाची. सहाला चालायला लागा आणि साडेनऊपर्यंत सावली गाठा. माणशी तीन लिटर पाणी हवंच. आणि पायाखाली बघा, कारण टिटवी आणि धाविक उघड्या मुरमावरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आल्या वाटेने मागे फिरा. दगड उचलून बघायची हौस कुठल्याच ऋतूत नको, फुरसं हा विषारी साप इथलाच आहे.

आता हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत चालायला सगळ्यात सुख, बोरं पिकलेली, आणि परदेशातून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात. दिवसभर नाकतोडे टिपत जमिनीलगत तरंगत असतात. हाच काळ लांडग्यांच्या पिल्लांचा, त्यामुळे बीळ दिसलं तर फोटोसाठी थांबू नका. फुलं मात्र फारशी नाहीत आणि गवत अजून अर्धं उभं असतं.

एकाच फेरीची सवड असेल तर मी चैत्र म्हणेन. हिरवाईत कुठलाही माळ छान दिसतो. हा सुकल्यावर कळतो, आणि इतकं जित्राब इथं जगतं हे बघितल्यावर सरकारी कागदावरचा 'पडीक' शब्द टोचायला लागतो. वनस्पतींचाच नाद असेल तर मात्र माझं ऐकू नका, गणपती विसर्जनानंतरचा आठवडा धरा. सोबत लहान मुलं असतील तर जानेवारी. अभयारण्यात शिरण्याआधी चौकीवर विचारून घ्या, कुठल्या वाटेने पायी जाऊ देतात ते तिथंच सांगतील.