मानवी केसांचा टोप : दोन घेतले, एक टिकला

किमोनंतर मी दोन टोप वापरले. दोन्हींच्या खोक्यांवर 'शंभर टक्के मानवी केस' असंच छापलेलं होतं आणि ते खरंही होतं. तरी पहिला पाच धुण्यांत वाया गेला, दुसरा दीड वर्ष रोज डोक्यावर होता.

पहिला दुकानात रेशमासारखा चमकत होता. दोन-तीनदा धुतल्यावर चमक उतरली आणि मानेपाशी, कॉलर घासते तिथे, जट झाली. कंगवा लावला की हातात झुपका. मी रडले. केस दुसऱ्यांदा गळताना बघवत नाही.

मग कारण कळलं. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे निजलेले. वेणी बांधून कापली की सगळी मुळं एकाच बाजूला राहतात. त्याला व्यापारात 'रेमी' म्हणतात. पण बाजारात गुंतवळही भरपूर येतं. फेरीवाले ते घरोघरून गोळा करतात, बायका बसून ते गोळे हातांनी, सुयांनी सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. त्यात मुळं-टोकं उलटसुलट होतात आणि खवले एकमेकांत अडकतात. म्हणून आम्लाने खवले काढून वर सिलिकॉन चढवतात. ते धुण्यात गेलं की संपलं. त्या बायकांच्या कष्टाला मी नावं ठेवत नाही. दुकानदाराने हे आधी सांगायला हवं होतं.

दुसरा टोप मी बोटांनी पारखून घेतला. बट चिमटीत धरून टोकाकडे सरकवली तर गुळगुळीत, उलट सरकवली तर किंचित खरखर. म्हणजे खवले शाबूत. जाळीवर एकेक केस आकडीने गाठ मारून बसवलाय, त्यामुळे भांग अगदी खरा दिसतो. तिथल्याच गाठी पुढे सैल होऊन केस विरळ झाले, ही माझी तक्रार. टाळूचं तेल मिळत नसल्याने टोकं कोरडी पडतात, कंडिशनर लागतोच.

केस कुणाचे, असं विचारलं. 'भारतातले', एवढंच उत्तर मिळालं. तिरुमलाला भाविक मुंडण करून केस वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. दुसरीकडे कुणी गरजेपोटी वेणी विकतं. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. माझा टोप ३६ सेंटिमीटरचा, म्हणजे कुणाची तरी तीन वर्षं. नाव नका छापू, पण हे केस वाहिलेले की विकलेले, एवढं तरी खोक्यावर लिहा.